डरबनचा ऊस आणि स्टेलनबॉशची द्राक्षे : सतराशे किलोमीटरची मोटारसफर



यंदाचा पट्टा पडला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या आणि शेती खात्याच्या माणसाला वर्षातून एकदाच मिळते तशी उसंत आम्हाला मिळाली. ती साधून मार्चच्या अखेरीस आम्ही तिघेजण दक्षिण आफ्रिकेला जाऊन आलो. दौरा सर्वस्वी स्वखर्चाचा होता. कारखान्याचा एक पैसाही त्यावर पडलेला नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण आपल्या कार्यक्षेत्रात बातमी पाटाच्या पाण्यापेक्षा लवकर शेवटच्या शेतात पोहोचते!

तिघांत एक आम्ही. दुसरे एक थोरले सभासद, वय सत्तरीच्या घरात, गळ्यात तुळशीची माळ. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. तिसरा आबांचा पुतण्या, कृषी पदवीधर, द्राक्षबागेचा नाद असलेला. डरबनला मोटार भाड्याने घ्यायची, ड्रायव्हर न घेता आपणच चालवायची, हिंदी महासागराच्या कडेकडेने पश्चिमेला जायचे आणि द्राक्षांच्या मुलखात, स्टेलनबॉशला, थांबायचे असा बेत होता. या रस्त्याच्या एका टोकाला ऊस आहे आणि दुसऱ्या टोकाला वाईनची द्राक्षे. दोन्ही पिके रसातल्या साखरेवर विकली जातात. मग ती साखर मोजतो कोण, दर ठरवतो कोण आणि ज्या कारखान्यात माल जातो तो कारखाना कोणाचा, हे पाहावे असे आमच्या मनात होते. समुद्र, डोंगर, जंगल हे त्याबरोबर आलेच.

डरबनचा विमानतळ शहराच्या उत्तरेला आहे. बाहेर पडलो तो दोन्ही बाजूंना टेकड्यांच्या उतारावर ऊसच ऊस! आबा म्हणाले, “एवढ्या लांब येऊन पुन्हा उसातच उतरलो की!” पण हा ऊस आपल्यासारखा पाटपाण्यावरचा नव्हे. किनारपट्टीचा बहुतेक ऊस पावसावर येतो. पूर्वी तो अठरा महिने उभा ठेवीत. पण एल्डाना नावाच्या खोडकिडीने इतका उच्छाद मांडला की किनाऱ्यालगतच्या शेतकऱ्यांना वर्षाच्या आसपासच तोड घ्यावी लागते. तोडणीआधी ऊस पेटवून पाचट जाळण्याची चाल तेथे अजून आहे. गाळप एप्रिलच्या सुमारास सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालते, म्हणजे आपला पट्टा पडतो तेव्हा त्यांची मोळी पडते.

विमानतळावरून शहराकडे येताना माउंट एजकोम लागते. १९२५ साली स्थापन झालेले ऊस संशोधन केंद्र तेथे आहे. शेती खात्याच्या माणसाला हे एक देवस्थानच. त्याचे कारण सांगतो. नाताळ प्रांतात कित्येक दशके ज्या वाणाने राज्य केले तो एनको ३७६. यातला ‘एन’ म्हणजे नाताळ आणि ‘को’ म्हणजे आपले कोइमतूर! को ४२१ आणि को ३१२ यांचा संकर कोइमतूरला झाला, बी समुद्रापार गेले आणि निवड येथे झाली. त्याचाच भाऊ एनको ३१० जगभर गेला. आपल्या शेतातला को ८६०३२ त्याच कोइमतूरचा. तेव्हा नाताळचा ऊस आपल्या उसाचा चुलतभाऊ लागतो असे म्हटले तर चूक नाही.

बी गेले त्याच्या कितीतरी आधी माणसे गेली. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ नावाचे जहाज मद्रासहून मजूर घेऊन डरबनला लागले. १९११ पर्यंत दीड लाखाहून अधिक माणसे अशी करारावर, म्हणजे त्यांच्या बोलीतल्या ‘गिरमिटा’वर, उसाच्या मळ्यांत आली. बहुतेक तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी बोलणारी. त्यांची नातवंडे-पतवंडे आज डरबनमध्ये दुकानदार, वकील, डॉक्टर आहेत. आबांना मांसाहार चालत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी तेथील भारतीयांचाच एक पदार्थ उपयोगी पडला : पावाचा चौथाई लोफ पोखरून त्यात घेवड्याच्या बियांची झणझणीत आमटी भरलेली. त्याला ‘बनी चाऊ’ म्हणतात. नाव ऐकून आबा आधी बिचकले, मग दोन संपवले.

आता दराचे. तेथील बहुतेक साखर कारखाने कंपन्यांचे. पण उसाचा हिशेब ऐकून आम्ही वही काढली. २००० सालापासून तेथे टनावर नव्हे, तर ‘रिकव्हरेबल व्हॅल्यू’वर पैसे मिळतात. म्हणजे उसातली साखर धरायची आणि तिच्यातून चोथ्यामुळे व मळीमुळे जी साखर हाती लागत नाही ती वजा करायची. प्रत्येक शेतकऱ्याच्या मालाचा नमुना वेगळा तपासला जातो. साखर व मळी विकून सगळ्या उद्योगाचे जे उत्पन्न येते, त्यातला ठरलेला मोठा हिस्सा उत्पादकांचा आणि उरलेला कारखान्यांचा. आपल्याकडे एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर निघते. स्वच्छ ऊस आणणारा आणि वाढ्या-पाचटासकट मोळी बांधणारा, दोघांना दर एकच. आबा हसून म्हणाले, “हे आपल्याकडं आलं तर निम्म्या गाड्या काट्यावरनं परत जातील!” आम्ही काही बोललो नाही. सभासदांनी आपापले ठरवावे.

हिशेब इतका चोख असूनही तेथील ऊसवाला सुखात नाही. देशात वीस हजारांवर छोटे उत्पादक आहेत, त्यांतले बरेच एक-दोन हेक्टरवाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये टोंगाट ह्युलेट ही जुनी साखर कंपनी कर्जापायी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेली आणि तिचा कारभार कायद्याने नेमलेल्या बचाव-प्रशासकांच्या हाती गेला. ऊस शेतात उभा आणि कारखाना चालेल की नाही याची खात्री नाही, ही काय अवस्था असते ते आपल्या सभासदांना वेगळे सांगायला नको. एका छोट्या उत्पादकाला आम्ही विचारले, तेव्हा तुम्ही काय केले? तो म्हणाला, “काय करणार? वाट पाहिली. आमच्या हातात फक्त ऊस आहे.” हे वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवले आणि पुढे सतराशे किलोमीटर ते आमच्या बरोबर आले.

आता मोटारीचे सांगतो. दक्षिण आफ्रिकेत वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे आपल्या माणसाला बुजायला होत नाही. हमरस्त्यावर ताशी १२०, गावात ६०. सिग्नलला तेथे ‘रोबो’ म्हणतात. पत्ता विचारला की सांगतात, दुसऱ्या रोबोला डावीकडे वळा! चौकात चारही बाजूंना थांब्याची पाटी असेल तर जो आधी येऊन थांबला तो आधी जातो, आणि हे माणसे खरोखर पाळतात. संथ गाडी पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर सरकून मागच्याला वाट देते; पुढे गेलेला दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकवून आभार मानतो. आबांना हे फार आवडले. दर वेळी ते मागे वळून हातही जोडीत. पेट्रोल आपण भरायचे नाही, पंपावरचा माणूस भरतो, काच पुसतो, त्याला बक्षिसी द्यायची. रात्री मात्र गाडी चालवू नये. आम्ही सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठण्याचा नियम केला आणि तो मोडला नाही.

पोर्ट शेपस्टोनपर्यंत समुद्र डावीकडे आणि ऊस उजवीकडे. तेथून एन-२ हा रस्ता किनारा सोडून डोंगरात शिरतो. पुढचे दोन दिवस गोल झोपड्यांची गावे, उघडी गवताळ टेकाडे आणि रस्त्यावर बिनधास्त फिरणारी गुरे. म्थाथा शहराच्या पुढे रस्त्याला लागूनच कुनू हे गाव आहे. नेल्सन मंडेलांचे बालपण या गावात गेले आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्यांचे दफनही येथेच झाले. आम्ही गाडी कडेला घेऊन थोडा वेळ थांबलो. आजूबाजूला मक्याची लहान शेते, एक पोरगा मेंढरे राखत होता.

ईस्ट लंडनला मुक्काम करून पोर्ट एलिझाबेथ गाठले. या शहराचे नाव २०२१ साली बदलून ग्केबेर्हा झाले. पहिल्या अक्षराला जीभ टाळूला लावून ‘टक्’ असा आवाज काढायचा असतो. बैलाला हाकताना आपण काढतो तसाच, म्हणून आबांना तो पहिल्या झटक्यात जमला आणि आम्हा शिकलेल्यांना शेवटपर्यंत जमला नाही.

येथून पुढे मात्र डोळ्यांचे पारणे फिटते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मध्ये दाट सदाहरित जंगल, असा हा ‘गार्डन रूट’. स्टॉर्म्स नदीवरचा १९५६ चा कमानी पूल १२० मीटर खोल दरीवर आहे. दोन काठांवर कमानीची दोन अर्धुके उभी बांधली आणि मग दोरखंडांनी खाली झुकवून मधोमध जोडली. तेथून जवळच ब्लाउक्रान्सचा पूल २१६ मीटर उंचीचा. त्यावरून पायाला दोर बांधून तरणी पोरे खाली उड्या मारतात, आणि त्यासाठी पैसे देतात! पुतण्याचा हात खिशाकडे गेला होता, पण आबांनी एकदाच पाहिले आणि विषय संपला.

क्नाइस्नाला खाडीच्या तोंडाशी दोन उभे कडे आहेत, त्यांच्यामधून समुद्र आत येतो. जून २०१७ मध्ये येथे भीषण वणवा लागून शेकडो घरे जळाली. आम्हाला त्याच्या खुणा दिसल्या नाहीत. जंगल माणसापेक्षा लवकर सावरते बहुधा.

मॉसेल बे येथे आम्ही मुद्दाम थांबलो. १४८८ च्या फेब्रुवारीत बार्तोलोमेउ दियाश हा पोर्तुगीज खलाशी आफ्रिकेला वळसा घालून येथे उतरला. १४९७ मध्ये वास्को-द-गामा कालिकतला जाताना येथेच पाण्यासाठी थांबला. किनाऱ्यावर एक जुने मिल्कवुडचे झाड आहे. १५०० साली एका पोर्तुगीज कप्तानाने बुटात घालून ठेवलेले पत्र येथे पुढच्या वर्षी हिंदुस्थानकडे निघालेल्या जहाजाला सापडले म्हणतात. आज त्या झाडाखाली बुटाच्या आकाराची टपालपेटी आहे आणि तिच्यात टाकलेले पत्र खरेच जाते. आबांनी घरी कार्ड टाकले. हा अंक छापायला जाईपर्यंत ते पोहोचलेले नाही.

स्वेलेनडॅमवरून हमरस्ता सोडून आम्ही दक्षिणेला अगुल्हासच्या टोकाला गेलो. आफ्रिका खंडाचे खरे दक्षिण टोक हे. केपटाऊनजवळचे केप पॉइंट नव्हे. हिंदी महासागर आणि अटलांटिक यांची हद्द येथे धरली जाते. अगुल्हास म्हणजे पोर्तुगीज भाषेत सुया. तिकडे जातानाची शेती पाहण्यासारखी आहे. मैलोन् मैल गव्हाची लाटेसारखी रानं. आम्ही गेलो तेव्हा पीक केव्हाच निघालेले होते, नुसते सड उभे आणि त्यांत मेंढ्या बसवलेल्या. या भागात पाऊस हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्टमध्ये पडतो, आणि उन्हाळा कोरडा जातो. डरबनला याच्या उलट. एकाच रस्त्यावर पावसाने कूस बदलली, आणि पिकानेही.

हर्मानसला समुद्राच्या काठावरून देवमासे दिसतात, पण ते जून ते नोव्हेंबरमध्ये, तेव्हा आम्हाला दर्शन नाही. द्राक्षे मात्र येथूनच सुरू झाली. गावामागच्या खोऱ्यात आज नावाजलेल्या बागा आहेत. पण १९७० च्या दशकात येथे पहिल्यांदा वाईनची द्राक्षे लावणाऱ्याला फार झगडावे लागले, कारण त्या भागाला द्राक्षाचा कोटा नव्हता. कोटा कोणाचा, ते पुढे सांगतो.

शेवटच्या दिवशी रूई-एल्सपासून गॉर्डन्स बेपर्यंतचा रस्ता. हा वीस-एक किलोमीटरचा तुकडा साऱ्या सफरीतला सर्वांत देखणा. डाव्या हाताला खाली फेसाळता समुद्र, उजव्या हाताला उघडा कातळ, आणि प्रत्येक वळणावर नवा कडा. येथे पुतण्याला आम्ही बजावून ठेवले होते की नजर रस्त्यावर ठेव, देखावा आम्ही पाहून तुला सांगतो! गॉर्डन्स बे सोडल्यावर अर्ध्या तासात स्टेलनबॉश.

हे गाव १६७९ साली वसवले गेले. केपमधली पहिली वाईन डच अधिकारी यान व्हान रीबेकच्या काळात २ फेब्रुवारी १६५९ रोजी काढल्याची त्याच्याच रोजनिशीत नोंद आहे. पांढऱ्या भिंतींची जुनी डच घरे, ओकची झाडे आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत द्राक्षांच्या ओळी. येथील विद्यापीठातल्या अब्राहम पेरोल्ड या प्राध्यापकाने १९२५ साली दोन फ्रेंच जातींचा संकर करून पिनोटाज ही देशी जात काढली. पुतण्या बागेत शिरला तो बाहेर येईना. नाशिक-सांगलीची बाग वर्षातून दोनदा छाटावी लागते, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडीची, कारण आपल्याकडे वेल झोपतच नाही. इथे थंडीत वेल आपोआप पाने गाळून झोपतो आणि छाटणी एकदाच. काही जुन्या बागांना तर मांडव नाही की तारा नाहीत. गुडघाभर झुडूप, मापात ठेवलेले.

एकरी उतारा विचारला तर तीन-चार टन! आबांनी दुसऱ्यांदा विचारून घेतले. आमच्या पिशवीत ऊस तपासायचे ब्रिक्समीटर होते. डरबनकडे वाटेतल्या एका उसाच्या मधल्या कांडीला त्याने १७ दाखवले होते, पण तो ऊस अजून कच्चा होता. येथे काबर्ने जातीच्या मण्याचा थेंब टाकला, तर २४. आपला चांगला पिकलेला ऊसही याच्या पुढे जात नाही. फरक असा की उसात सुक्रोज आणि द्राक्षात ग्लुकोज-फ्रुक्टोज. किण्व त्यावर लगेच तुटून पडते. चोवीस ब्रिक्सच्या रसातून साडेतेरा ते चौदा टक्के अल्कोहोल तयार होते. टनाला सहा-सातशे लिटर वाईन. ऊस तोडल्यावर जसा उतारा तासातासाला घसरतो तसेच द्राक्षाचेही, म्हणून पुष्कळ ठिकाणी काढणी रात्रीच्या गारव्यात, दिव्याच्या उजेडात करतात.

आमची इच्छा शेतकऱ्यांच्या मालकीची वायनरी पाहण्याची होती. तशी एक पाहायला मिळाली. आता ती सहकारी नाही, पण यंत्रणा तीच. फाटकाशी द्राक्षांच्या ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर एकामागे एक उभे. पुढे वजनकाटा. काट्यावर एक नळी ट्रॉलीत खुपसून रस ओढतात, साखर किती अंश बॉलिंग (आपल्या ब्रिक्सचाच हा भाऊ), आंबटपणा किती, कूज आहे का, हे तिथल्या तिथे नोंदवतात. त्यावरून प्रत ठरते आणि प्रतीनुसार माल त्या त्या हौदात. आबांनी चप्पल काढून काट्याला नमस्कार केला आणि म्हणाले, “इथंबी नंबरच लागलाय की!” पैसेही एकरकमी मिळत नाहीत. आधी उचल, मग वाईन विकली जाईल तसे हप्ते, शेवटचा हिशेब वर्ष उलटल्यावर. फोड करून ऐकताना आम्हाला आपलीच वार्षिक सभा ऐकू येऊ लागली.

तेथे एका पन्नाशीच्या द्राक्षउत्पादकाशी बराच वेळ बोलणे झाले. आबांचे प्रश्न मराठीत, पुतण्या इंग्रजीत सांगे. आबांनी पहिला प्रश्न विचारला : “चेअरमन कोण निवडतो?” तो म्हणाला, पूर्वी आम्ही निवडत होतो. आता शेअर जितके तितकी मते, आणि शेअर विकता येतात. त्याच्या आजोबांच्या पिढीत सगळे शेअर द्राक्ष पिकवणाऱ्यांकडे होते. आता निम्मे अशांकडे आहेत ज्यांच्या दारात एक वेलही नाही. “मग दर कोण ठरवतो?” आबांनी विचारले. त्याने खांदे उडवले. आबा मग काही बोलले नाहीत. आम्हाला डरबनकडचा तो ऊसवाला आठवला.

ही गोष्ट एका वायनरीची नव्हे. वर कोट्याचा उल्लेख केला. १९१८ साली अतिरिक्त उत्पादनाने भाव कोसळलेले असताना चार्ल्स कोह्लर यांच्या पुढाकाराने केपच्या द्राक्षउत्पादकांनी केडब्ल्यूव्ही ही सहकारी संस्था स्थापन केली. तिचे केंद्र पार्ल गावी. १९२४ च्या कायद्याने तिला किमान भाव ठरवण्याचा अधिकार मिळाला, १९४० मध्ये तो आणखी वाढला, १९५७ पासून कोणी किती पिकवायचे याचा कोटाही तिच्याकडे आला. कोटा १९९२ मध्ये उठला. १९९७ मध्ये, सरकारशी बराच वाद होऊन, संस्थेचे रूपांतर कंपनीत झाले. २०१६ मध्ये कंपनीने आपला चालता धंदा एका गुंतवणूकदार गटाला विकला. शेतकऱ्यांनी भाव मिळावा म्हणून उभी केलेली संस्था शंभरी भरायच्या आत बाजारात विकली गेली. पार्लला तिची भव्य तळघरे आजही पाहायला मिळतात; लाकडी पिंपे इतकी प्रचंड, की आत माणूस उभा राहावा.

पण केडब्ल्यूव्हीला देव मानायचेही कारण नाही. तिने भाव सांभाळला हे खरे, पण कोट्याच्या जोरावर नव्या जमिनीला आणि नव्या माणसाला वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवले. आणि तिचे सभासद होते ते गोरे मळेवाले. बागेत राबणारा सभासद नव्हता. त्याला तर मजुरीचा एक भाग रोजच्या वाईनच्या पेल्यांत मिळे. या चालीला ‘डॉप’ म्हणत. १९६० च्या दशकात कायद्याने ती बंद झाली, तरी कित्येक मळ्यांवर १९९० च्या दशकापर्यंत टिकली. गरोदर बायाही प्यायच्या. त्याने जन्मतःच अधू झालेल्या मुलांचे प्रमाण या पट्ट्यात जगात सर्वाधिकांमध्ये मोजले जाते. आबा माळकरी, त्यांनी वाईनला हात लावला नाही, नुसता ताजा द्राक्षरस घेतला. पण हे ऐकल्यावर तो पेलाही त्यांनी खाली ठेवला.

नोव्हेंबर २०१२ मध्ये हेक्स नदीच्या खोऱ्यात डी डोर्न्स येथे द्राक्षमजुरांनी संप केला. खाण्याच्या द्राक्षांचा हा भाग. तेव्हा शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला ६९ रँड होती. संप पेटला, रस्ते अडले, बागा जळाल्या, आणि मार्च २०१३ पासून ती १०५ रँड झाली. आपल्याकडे कोयत्याला उचल देऊन टोळी बांधली जाते आणि ती उचल हंगामभर फिटत नाही. आम्ही शेती खात्यात आहोत, टोळ्यांचे करार आमच्याच टेबलावरून जातात, तेव्हा यावर जास्त लिहीत नाही. पण डॉपची गोष्ट ऐकताना आम्हाला मुकादमाची वही दिसत होती, एवढे लिहिणे भाग आहे.

द्राक्षवाल्यांचे आज कसे काय, हेही विचारले. २०१५ ते २०१८ या काळात तिकडे मोठा दुष्काळ पडला. फेब्रुवारी २०१८ पासून केपटाऊनमध्ये माणशी रोज ५० लिटर पाणी ठरले आणि शेतीच्या पाण्याला कात्री लागली. त्यातून उठतात तोवर करोना. मार्च २०२० पासून सरकारने देशात दारूविक्री बंद केली, पुढे उठवली, पुन्हा बंद केली, असे चार वेळा झाले. हौद भरलेले आणि गिऱ्हाईक नाही. वाईनच्या द्राक्षांखालचे क्षेत्र एकेकाळी लाख हेक्टरच्या घरात होते, ते ९० हजारांच्या खाली आले आहे. उत्पादक २००५ च्या सुमारास चार हजारांवर होते, ते अडीच हजारांच्या आत. बाग काढून लोक संत्रा-लिंबू लावतात, किंवा जमीन विकून टाकतात. रस्त्यावरून पाहणाऱ्या प्रवाशाला हे दिसत नाही. त्याला ओक दिसतात, पांढरी घरे दिसतात.

वाईन चाखायला मिळते का, असे सभासद नक्की विचारतील. मिळते. पेल्यात घोटभर ओततात, वास घ्यायचा, तोंडात फिरवायची आणि शेजारच्या भांड्यात थुंकायची. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. रक्तात १०० मिलिलिटरला ०.०५ ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर ड्रायव्हरची सुट्टी नाही, म्हणून पुतण्याने थुंकण्याचे काम इमानेइतबारे केले. आम्ही फार थुंकलो नाही, कारण त्या दिवशी गाडी आमच्याकडे नव्हती.

केपटाऊनच्या विमानतळावर मोटार परत केली, तेव्हा काट्यावर एकूण सतराशेच्या वर थोडे किलोमीटर झाले होते. निघायच्या आदल्या दिवशी शहरात एका दुकानात आमचे बोलणे ऐकून म्हातारा दुकानदार कोकणी बोलीत म्हणाला, “तुमी खयचे?” रत्नागिरी-रायगडकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांची केपटाऊनात शंभर वर्षांहून जुनी वस्ती आहे. आबांनी त्याला गावाकडच्या पावसाची हकीगत सांगितली, त्याने आम्हाला चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत.

ज्या सभासदांना असा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात : व्हिसा आधी काढावा लागतो. आपला इंग्रजीतला वाहन परवाना आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही बरोबर ठेवावेत. नऊ-दहा दिवस हाताशी हवेत. द्राक्षकाढणी पाहायची तर मार्च, देवमासे पाहायचे तर सप्टेंबर. तिथल्या ऊसदराच्या सूत्राची आम्ही केलेली फोड आणि वायनरीच्या काट्याची छायाचित्रे शेती खात्यात ठेवली आहेत. पाहायची असतील तर जूनअखेरपर्यंत कधीही दुपारी तीननंतर यावे. १ जुलैपासून आडसाली लागणीच्या नोंदी सुरू होतात, मग आम्ही ऑफिसात सापडणार नाही.